पंधरापैकी आठ

लातूरच्या ट्यूशन एरियामागच्या त्या गल्लीत बायकांना नावं नसतात, सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या आई असतात. नांदेडहून, परभणीहून, देवणीहून, पार बिदरकडूनही बायका येतात, एक खोली आणि स्वयंपाकाचा ओटा भाड्याने घेतात आणि मुलाची नाहीतर मुलीची डॉक्टरकीची परीक्षा होईपर्यंत तिथं राहतात. नवरा गावाकडे, मूल क्लासला आणि बाई खोलीत. सौदामिनी अशीच नांदेडहून आली होती. गल्लीत ती मनस्विनीची आई. घरमालकीण शिवकन्याकाकू मात्र तिला ‘मॅडम’ म्हणायच्या, कारण इकडे येण्याआधी ती अर्धापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

तेव्हा तिची स्वतःची स्कूटी होती. नांदेडहून अर्धापूरपर्यंत रोज हायवेने जायची, केळीचे घड लादलेल्या ट्रॅक्टरांना मागे टाकत. तेव्हा तिला कसली भीती वाटल्याचं आठवत नाही. लातुरात आल्यावर मात्र दुसरं कामच उरलं नाही. मुलगी क्लासहून दहा मिनिटं उशिरा आली की भीती, शिंकली की भीती, रविवारच्या टेस्टचा निकाल मोबाइलवर यायच्या आधी तर ती दर मिनिटाला फोन उघडून बघायची. अकरावी गेली, बारावी गेली, मग रिपीटरचं एक वर्ष गेलं. दुसऱ्यांदाही मनस्विनीला डॉक्टरकीची जागा मिळाली नाही. थोडक्यात गेली, असं सगळे म्हणाले. थोडक्यात म्हणजे हजारो मुलांइतकं, हे सौदामिनीला माहीत होतं.

जूनमध्ये गल्ली रिकामी झाली. गॅसच्या शेगड्या, गाद्या, पाण्याची पिंपं टेंपोत चढली. सौदामिनीच्या शेजारची, जिच्याबरोबर ती रोज संध्याकाळी पायरीवर बसून शेंगा फोडायची, तीही गेली. जाताना दोघींनी फोन करायचं ठरवलं होतं. पहिले दोन फोन झाले, मग मुलांच्या निकालाखेरीज एकमेकींना सांगण्यासारखं काही नव्हतंच असं दोघींच्या लक्षात आलं असावं. जुलैत नव्या आया आल्या. त्यांच्या मुलांच्या पाठीवर नव्याकोऱ्या बॅगा होत्या. त्या सौदामिनीकडे जरा जपून बघायच्या, जसं आजाऱ्याच्या दारावरून जाताना बघतात.

मनस्विनीने लातुरातच बी. फार्मसीला प्रवेश घेतला. कॉलेज शहराबाहेर होतं, मुलींचं वसतिगृह तिथून दोन-तीन किलोमीटर अलीकडे, आणि मधल्या रस्त्याला बस फारशी नव्हती. तेव्हा ठरलं असं की मनस्विनी वसतिगृहात राहील, आईची नांदेडला पडून असलेली स्कूटी वापरेल आणि सौदामिनी खोली सोडून नांदेडला जाईल. ठरलं, म्हणजे आलोकने फोनवर तसं म्हटलं आणि सौदामिनी नाही म्हणाली नाही. आलोक तिचा नवरा, पाटबंधारे खात्यात होता. रोज संध्याकाळी जेवणाआधी त्याचा फोन यायचा. शेवटी तो विचारायचा, “मग कधी येतेस?” आणि ती म्हणायची, “मनूचं लायसन होऊ दे आधी.”

शिवकन्याकाकूही विचारायच्या. त्यांना देवणीची एक बाई खोलीसाठी रोज फोन करत होती.

“मॅडम, खोली ठिवायची का सोडायची, एकदा काय ते सांगून टाका. मी तिला किती दिवस झुलवू?”

“सांगते काकू. लायसनचं तेवढं होऊ दे.”

“अवो, लायसन पोरीचं निघून राहिलंय का तुमचं?”

सौदामिनी हसायची आणि आत जायची. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मे महिन्यात ती एका रविवारी नांदेडला जाऊन आली होती. फोडणी टाकायला म्हणून तिने नेहमीच्या जागी हात घातला, तर तिथं मोहरीचा डबा नव्हता. डबे सगळे हललेले होते. आलोकने त्याच्या सोयीने ते लावले होते, आणि चांगले लावले होते. “तू बस, मी करतो,” तो म्हणाला. त्याने चहा केला, पोहे केले, कप विसळून पालथे ठेवले, आणि मग पेपर घेऊन बसला. तो वाईट वागला नव्हता. पण पाहुण्यांच्या खुर्चीत बसून पोहे खाताना सौदामिनीला वाटलं, इथं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. संध्याकाळच्या एसटीने ती परत आली. लातूरच्या खोलीत निदान सगळे डबे तिच्या हाताला माहीत होते.

स्कूटी एका पिकअपमधून आली, अर्धापूरहून लातूरच्या बाजारात केळी घेऊन येणाऱ्या ओळखीच्या दगडोबाच्या. उतरवली तेव्हा तिच्या हँडलला केळीच्या पानाची चिरफळी अडकलेली होती आणि सीटला कच्च्या केळीच्या चिकाचे डाग पडले होते. सौदामिनीने अंगणात बसून ती घासली. डाग काही गेले नाहीत.

शिकाऊ लायसनची परीक्षा हल्ली घरबसल्या देता येते. आलोकचं म्हणणं होतं, कशाला डोक्याला ताप, एखाद्या एजंटला सांगू, तो करून देतो सगळं, पोरीने नुसता चेहरा दाखवायचा. मनस्विनीने आईच्या हातून फोन घेतला.

“बाबा, मी स्वतः देणार. एवढी एक तरी परीक्षा मला माझ्या हाताने पास होऊ द्या.”

पलीकडे आलोक बरं म्हणाला.

तिने तयारी केली ती तिला जशी येत होती तशीच. भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता होता, तो काढून तिथं वाहतुकीची चिन्हं चिकटवली. लाल गोल म्हणजे मनाई, निळा गोल म्हणजे सक्ती, लाल त्रिकोण म्हणजे सावधान. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खाताना वाचायची, दुपारी झोपून डोळे मिटून पुटपुटायची. सौदामिनी भाकरी थापता थापता विचारायची आणि ती उत्तर द्यायची. अरुंद पूल. पुढे गुरांची ये-जा. चढावर कुणाला आधी जाऊ द्यायचं. तिच्या मैत्रिणींपैकी उर्वीला छत्रपती संभाजीनगरला मेडिकलला जागा मिळाली होती. बाकीच्या कुठे कुठे पांगल्या. पूर्वी रात्रंदिवस वाजणारा मैत्रिणींचा ग्रुप आता गप्प होता. उर्वीने एकदा पांढऱ्या एप्रनमधला फोटो टाकला, मनस्विनीने त्याखाली अंगठ्याची खूण टाकली, आणि फोन पालथा ठेवून म्हणाली, “आई, विचार ना पुढचं. वळणावर ओव्हरटेक.”

“करायचं नाही.”

“मला विचार म्हटलं, उत्तर दे नाही म्हटलं.”

परीक्षेच्या दिवशी कॅमेऱ्यात मनस्विनीखेरीज कुणी दिसलं तर परीक्षा बाद होणार होती, म्हणून सौदामिनी बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. तीन वर्षं ती अशीच परीक्षा केंद्रांच्या फाटकाबाहेर बसली होती, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. आजही बाटली मांडीवर होतीच, आत मुलीच्या हाताशी पाण्याचा तांब्या होता तरी.

शिवकन्याकाकू नळाला पाणी आलं म्हणून पिंप धुवत होत्या. त्या म्हणाल्या, “आत काय चाललंय?”

“लायसनची परीक्षा.”

“आमच्या टायमाला साहेब म्हणायचा, जाऊन ये त्या लिंबाच्या झाडापोतर. आलं माघारी की लायसन. मी शिरूरला लुना चालवत होते, म्हाईत न्हाई तुम्हाला.”

सौदामिनीला खरंच माहीत नव्हतं. तीन वर्षं ती या बाईच्या घरात राहत होती. तिने काही विचारायच्या आत दार उघडलं.

मनस्विनी उंबऱ्यात उभी होती. रडत नव्हती. तिचा चेहरा निकालाच्या दिवशी झाला होता तसा झाला होता, धुऊन वाळत टाकल्यासारखा.

“पंधरापैकी आठ,” ती म्हणाली. “नऊ लागतात.”

काकूंनी पिंपाचं पाणी ओतलं आणि त्या मागच्या बाजूला गेल्या. सौदामिनीच्या मनात तेव्हा जे पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता इतक्यात जायला नको, असं आलं. खोली ठेवू, आणखी काही दिवस भाकऱ्या करू. अंगातला ताण एकदम सैल झाला आणि मग तिला त्या सैलपणाची लाज वाटली. ती उठून आत गेली.

“कुठले चुकले?” तिने विचारलं.

“एकही नाही.”

“म्हणजे?”

“आठ सोडवले, आठही बरोबर. बाकी सोडले.”

सौदामिनीला आधी काही कळेना. मग मनस्विनीने सांगितलं. प्रश्न यायचा, बाजूला सेकंद पळायचे. शंभर टक्के माहीत होतं तिथं तिने बोट लावलं. जिथं थोडी शंका होती तिथं सोडून दिलं, तीन वर्षं सोडत आली होती तसं. एक होता, फुटपाथ नसेल तर पायी चालणाऱ्याने कुठल्या बाजूने चालावं. तिला वाटत होतं उजव्या. पण वाटतच होतं, खात्री नव्हती.

“मनू, इथं चुकलं तर मार्क कापत नाहीत.”

“माहितीय मला. सुरुवातीलाच लिहिलेलं होतं.” ती हाताच्या बोटांकडे बघत होती. “वाचलं मी ते. तरी बोट पुढं गेलंच नाही गं आई.”

डॉक्टरकीच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं की एक वजा. चार मिळवायचे नाहीत तर नको मिळवू, पण एक घालवू नकोस. हे वाक्य या खोलीत रविवारी दर टेस्टनंतर बोललं जायचं. क्लासमधले सर बोलायचे, आणि घरी आल्यावर सौदामिनी बोलायची. एकूण मार्क बघायच्या आधी ती निगेटिव्ह किती गेले ते बघायची. निगेटिव्ह कमी असले की ती संध्याकाळी शिरा करायची. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलीपेक्षा गप्प बसणाऱ्या मुलीला या घरात गोड मिळायचं, असं तिच्या आता लक्षात आलं. ते तिने बोलून दाखवलं नाही. मुलीच्या केसांवरून हात फिरवावा असं वाटलं, पण मनस्विनी उठून भिंतीवरचे कागद काढायला लागली होती.

“राहू देत,” सौदामिनी म्हणाली. “चिन्हं तुला येतात. आता त्याचा अभ्यास नाही करायचा.”

“मग कशाचा?”

संध्याकाळी दोघी भाजी आणायला निघाल्या. रस्ता ओलांडायला थांबल्या, तर लांबून एक एसटी येताना दिसली. पाटी वाचता येत नव्हती.

“कुठली गाडी असेल?” सौदामिनीने विचारलं.

“थांब, येऊ दे जवळ.”

“जवळ आल्यावर काय, मी पण सांगेन. आत्ता सांग.”

“मला कसं कळणार?”

“नाहीच कळणार. तरी सांग.”

मनस्विनी तिच्याकडे बघत राहिली. गाडी जवळ येत होती. “निलंगा,” ती शेवटी म्हणाली, एखादं झाकण जोर लावून उघडावं तसं. गाडी उदगीरची होती.

“चुकलं,” मनस्विनी म्हणाली.

“हो, चुकलं. काय झालं मग?”

काही झालं नव्हतं. गाडी धूळ उडवत निघून गेली होती आणि कोथिंबीरवाली त्यांना हाक मारत होती.

मग पुढच्या परीक्षेची तारीख येईपर्यंत त्या दोघी हेच करत राहिल्या. या पपईत बिया असतील का. नळाला आज पाणी येईल की उद्या. समोर राहायला आलेल्या बाईला मुलगा असेल की मुलगी, दोरीवर नुसते टॉवेल वाळतायत. काकू आज कुठल्या रंगाचं लुगडं नेसून दारात येतील. सुरुवातीला प्रत्येक उत्तराआधी मनस्विनीचे ओठ आवळले जायचे. मग ती लवकर बोलायला लागली, आणि एकदा हिरवं म्हटल्यावर काकू जांभळ्या लुगड्यात आल्या तेव्हा ती मोठ्यांदा हसली. या खोलीत असं हसणं किती दिवसांनी झालं ते सौदामिनीला आठवेना.

“माय-लेकी माझ्याकडं बघून काय हसून राहिल्या?” काकूंनी विचारलं.

“तुमच्यामुळं मी नापास झाले काकू.”

“ते तर तू माझ्यावाचून बी झालीस.”

मनस्विनी आणखी हसली. सौदामिनीने श्वास रोखला होता, तो सोडला.

एका दुपारी दोघी जमिनीवर पडून होत्या, वर पंखा घरघरत होता. मनस्विनी छताकडे बघत म्हणाली, “आता मी विचारते. तू घरी जाणार आहेस का?”

“बघू. तुझं लायसन होऊ दे.”

“आई, लायसन माझ्या प्रश्नात आहे. तुझ्या नाही.”

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

“वेळ संपला,” मनस्विनी हळूच म्हणाली. “सोडलास तू.”

ती कुशीवर वळून झोपली. सौदामिनी जागीच राहिली. मुलीने चिडवायला म्हटलं होतं, पण तिला ते लागलं. मे महिन्यापासून ती एक प्रश्न घेऊन बसली होती आणि ज्याला विचारायचा त्याला एकदाही विचारला नव्हता. रोज संध्याकाळी तो फोन करायचा, रोज ती तेच उत्तर देऊन ठेवून द्यायची. उत्तर चुकीचं आलं तर काय, म्हणून.

त्या संध्याकाळी फोन आला तेव्हा ती पायरीवर येऊन बसली. आलोकने पावसाचं सांगितलं, गोदावरीला पाणी वाढलंय म्हणाला, ऑफिसात रजा मिळत नाही म्हणाला. मग नेहमीचं विचारलं.

“एक विचारू?” सौदामिनी म्हणाली. “मी परत आलेली तुम्हाला आवडेल का?”

“असं काय विचारतेस?”

“खरं सांगा. मी ऐकून घेईन.”

मागे टीव्ही चालू होता, तो त्याने बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं.

“खरं सांगू तर मला एकट्याची सवय झाली आहे,” तो म्हणाला. “रात्री किती वाजता जेवतो, कुठं झोपतो, काही ताळमेळ राहिला नाही. तू आलीस की पहिले काही दिवस मला अडचणच होईल. तुलाही होईल.” तो थांबला. “पण ये. नुसतं मनूचं झालं म्हणून नको येऊस. यायचं म्हणून ये.”

तिला जे ऐकायचं होतं ते हे नव्हतं, आणि जे ऐकायची भीती होती तेही हे नव्हतं. तिने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर ती अंधारून येईपर्यंत तिथंच बसली. समोरच्या खोलीतली नवी बाई दारात येऊन उभी राहिली, क्लासच्या दिशेने बघत. तिला मुलगी होती, दोरीवर आज गुलाबी ओढणी होती. मनूने मुलगा सांगितलं होतं.

मग ती उठली आणि मागच्या बाजूला गेली. शिवकन्याकाकू तांदूळ निवडत होत्या.

“काकू, खोली सोडते. देवणीच्या बाईंना सांगून टाका.”

काकूंनी वर बघितलं. “पोरगी पास झाली का?”

“अजून परीक्षा व्हायची आहे.”

“मग?”

“मग काही नाही. सोडते.”

दुसऱ्या परीक्षेला ती पायरीवर बसली, पण बाटली नेली नाही. काकू येऊन शेजारी बसल्या आणि लुनाची गोष्ट सांगत राहिल्या. शिरूर अनंतपाळच्या रस्त्याने त्या कशा जायच्या, नवऱ्याला मागे बसवून, आणि बाजारातली माणसं कशी वळून बघायची. नवरा गेल्यावर लुना विकली. मागे कुणी नसलं की गाडी हलकी लागते, ते त्यांना सहन झालं नाही, म्हणाल्या. सौदामिनीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मनस्विनी बाहेर आली.

“पंधराच्या पंधरा सोडवले,” ती धापा टाकत म्हणाली, जशी काही धावून आली होती. “चार चुकले. चार, आई.”

ती चार चुका एकेक करून सांगायला लागली. धुक्यात कुठला दिवा लावायचा ते चुकलं, गाडी कुठे उभी करू नये ते चुकलं. उजव्या बाजूचं बरोबर आलं. असा चेहरा सौदामिनीने तिच्या कुठल्याच निकालाला पाहिला नव्हता. काकूंनी आतून गुळाचा खडा आणून तिच्या तोंडात घातला.

पुढे काही दिवस रोज सकाळी सौदामिनी मोकळ्या मैदानात तिच्या मागे बसून गेली. स्वतःचं लायसन पर्समध्ये ठेवून, कारण शिकणाऱ्यासोबत लायसनवाला हवा हे मनस्विनी तिला दोनदा बजावायची. ब्रेक तिच्या हातात नव्हता तरी तिची बोटं आवळली जायची. ‘सावकाश’ हा शब्द ती गिळून टाकायची. कधी कधी बाहेर पडायचाच.

वसतिगृहात सामान लावून झालं. पक्कं लायसन होईपर्यंत स्कूटी काकूंच्या अंगणात राहणार होती. काकूंनी तिच्यावर जुनी सतरंजी टाकली. आयतवारी मागं बसायला मी हाय, माझं बी लायसन हाय अजून, असं त्यांनी मनस्विनीला सांगितलं. ते चालू होतं की संपलेलं, हे मात्र मनस्विनी तपासून बघणार होती.

बसस्टँडवर मनस्विनीने तिची पिशवी वर ठेवून दिली आणि खाली उतरून खिडकीखाली उभी राहिली. गाडी सुरू झाली तेव्हा मनस्विनी म्हणाली, “पोचलीस की सांग,” आणि हे वाक्य आजवर नेहमी सौदामिनीने म्हटलेलं होतं.

नांदेडला पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. आलोकने दार उघडलं, पिशवी घेतली, प्रवास कसा झाला विचारलं. मग दोघंही थोडा वेळ बैठकीच्या खोलीत उभेच राहिले, कुणी आधी बसावं ते ठरत नसल्यासारखे. ती स्वयंपाकघरात गेली. मुगाची डाळ सापडली, कढई सापडली. तेल तापलं. वरच्या फळीवर सारख्या आकाराचे स्टीलचे डबे ओळीने होते, चिठ्ठ्या नसलेले.

मोहरी कुठल्या डब्यात ते त्याला हाक मारून विचारता आलं असतं. तिने डावीकडचा डबा उघडला. साबुदाणा. दुसरा उघडला, त्यात खोबऱ्याच्या वाट्या होत्या. बाहेर पेपरची पानं वाजायची थांबली, तो ऐकत असावा. तेलाचा वास यायला लागला होता. तिने गॅस बारीक केला आणि तिसऱ्या डब्याला हात घातला.